आमच्या कॉम्प्युटरचं पंचांग

टपाल आणि दिनदर्शिका एकाच खिडकीत दाखवणारे जे प्रोग्राम कॉम्प्युटरवर असतात, ते लिहिणाऱ्या मंडळींपैकी एकही जण विरारला राहत नसावा, अशी माझी पक्की खात्री आहे. राहत असता, तर सभेची आठवण त्याने सभेच्या आधी 15 मिनिटं करून दिली नसती. विरारहून चर्चगेट 60 किलोमीटर. 15 मिनिटांत आमची गाडी फार तर नायगावला येते, म्हणजे वसईची खाडीसुद्धा ओलांडत नाही. तेही गाडीत शिरता आलं तर! ही 15 मिनिटं बदलता येतात हे मला ठाऊक आहे, कोणी पत्र पाठवून कळवू नये. पण माणूस सभेपासून 15 मिनिटांवर असतो ही कल्पनाच ज्याला सुचली, त्याच्या घराच्या आणि कचेरीच्या मध्ये नुसता एक जिना असला पाहिजे.

सभेच्या निमंत्रणाला उत्तर द्यायला तीन बटणं. होकार, नकार आणि 'कदाचित'. आता आपल्यात 'कदाचित' असं कोण म्हणतं? आपण 'बघू' म्हणतो, म्हणजे येणार नाही. 'जमवतो' म्हणतो, म्हणजे चहाच्या वेळेला येईन. आणि 'हा काय, निघालोच' म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. ही तीन बटणं दिली, तर निमंत्रण करणाऱ्याला खुर्च्या किती मांडायच्या ते तरी कळेल.

टपालाबद्दल एकच मागणं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 'उद्या टँकर सकाळी येईल' असं सर्वांना कळवतात आणि मग 'नोटेड' एवढ्या एका शब्दाची उत्तरं दिवसभर सर्वांकडून सर्वांना जात राहतात. टँकर येऊन गेला तरी 'नोटेड' येतच असतात. एका शब्दाचं उत्तर पन्नास जणांना निघालं, तर प्रोग्रामने दारातच अडवून "काका, खरंच सगळ्यांना?" एवढं विचारावं.

असो. हे सगळं चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ती गोष्ट पुढेच आहे.

माझे वडील गेले ते ज्येष्ठ वद्य षष्ठीला. ही तिथी मी कॉम्प्युटरला सांगू शकत नाही. 'दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी' हे त्याला कळतं, 'दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी' हेही कळतं. तो शुक्रवार लक्षात ठेवायची गरज कोणाला पडते देव जाणे. पण तिथी दर वर्षी साधारण 11 दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे जाते, हे म्हटलं की त्याचा चेहरा कोरा. 2023 साली श्रावण दोन, 2026 साली ज्येष्ठ दोन. त्या दोनांतला कुठला ज्येष्ठ धरायचा, हे आमच्या आईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. घरातल्या सगळ्या तिथी तिच्या तोंडपाठ. आता ती नव्वदीला टेकली आहे. परवा तिने धाकट्या काकांची तिथी मामांना लावली आणि वरून माझ्यावरच रागावली. चिरंजीव न्यू जर्सीत. त्यांच्या भिंतीवर पंचांग नाही. जे कॉम्प्युटर सांगेल तेच त्यांना कळणार. आजोबांची तिथी त्यात बसत नाही, म्हणजे आईनंतर ती कुठेच बसणार नाही.

"सणांची फाईल उतरवून घ्या ना!" असं एका तज्ज्ञ गृहस्थांनी मला सुचवलं. घेतली. तीत दिवाळी आहे, होळी आहे. आमचे वडील हा सार्वजनिक सण नाही.

दुसरे एक म्हणाले, तिथी ही धर्माची बाब, ती यंत्रात कशाला? त्यांना मी पाचूबंदरला नेणार आहे. तिथला कोळी चर्चमध्ये जाणारा असो की देवळात, होडी काढायची तर तिथी त्याला लागतेच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते: चतुर्थी असेल तर साधारण तीन वाजता. इतकं सोपं गणित एवढ्या शहाण्या यंत्राला येऊ नये! आणि आमच्या वसईतल्या शेजाऱ्यांचा ईस्टर तरी कुठे तारखेने येतो? 21 मार्च किंवा त्यानंतरची पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. म्हणून 2025 साली तो 20 एप्रिलला आला आणि 2026 साली 5 एप्रिलला. चंद्राशी भांडण मांडलं, तर अर्धी वसई दिनदर्शिकेबाहेर जाते.

बरं, जमतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. या प्रोग्रामांनी एकमेकांना तारखा कशा सांगायच्या, याचे नियम 1998 साली ठरले. 'आयकॅलेंडर' म्हणतात त्यांना. 2015 साली त्यांना जोड दिली गेली: चिनी, हिब्रू, इथिओपियन पंचांगाप्रमाणे दर वर्षी येणारा दिवस कसा लिहायचा, अधिक महिना आला तर काय करायचं, सगळं त्यात आहे. म्हणजे अधिक महिना हा काही फक्त आमच्या आईचा हट्ट नव्हे. चिनी आजोबांची सोय होऊ शकते, तर षष्ठीची का नाही? भिंतीवरच्या एका कागदात तारीख, तिथी, एकादशी, ईद आणि नाताळ सुखाने नांदवणं 'कालनिर्णय'ला 1973 पासून जमतं आहे. मुंबईने तर दोन घड्याळं सांभाळली. देशाची एक प्रमाणवेळ 1906 साली ठरली, तरी आपली 39 मिनिटं मागची वेळ तिने 1955 पर्यंत सोडली नाही. त्या मुंबईचं नाव वेळेच्या यादीत छापणाऱ्या यंत्राला एका चौकोनात दोन तारखा मावत नाहीत?

माझी मागणी लहान आहे. 'दर वर्षी' या शब्दापुढे एक बारीक चौकोन असावा आणि त्याने विचारावं: तारखेने की तिथीने? शेजारी 'अधिक महिन्यात काय करू' असा दुसरा प्रश्न. आणि आठवण 15 मिनिटं आधी नको, चार दिवस आधी हवी. गुरुजी विरारलाच राहतात, पण त्यांना पकडणं चर्चगेटची 8.10 पकडण्याहून अवघड आहे.