वंशवृक्ष कसला, बांबू आहे तो!

परवा एक गंमत झाली. गंमत म्हणजे सुरुवातीला गंमत वाटली, नंतर नाही.

आमच्या प्रोजेक्टवर जर्मनीतला एक सहकारी आहे. पन्नाशीचा, मितभाषी, बग रिपोर्टसुद्धा कविता लिहावी इतका जपून लिहिणारा. शुक्रवारच्या कॉलनंतर त्याने एकदम विचारलं, "तू औरंगाबादचा ना? असई तिथून किती लांब?"

म्हटलं, असई? आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय वगैरे त्याला सांगत बसलो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. कॉल संपल्यावर नकाशा उघडला. भोकरदन तालुका, जालना जिल्हा. घरापासून गाडीने दोन तास. जालना जिल्हा 1981 साली वेगळा झाला, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी हे गाव आमच्याच जिल्ह्यात होतं. मी वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे घेऊन पन्नास वेळा गेलो असेन, असईला एकदाही नाही.

तर झालं असं होतं, की या सहकाऱ्याच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. कुणी एक पूर्वज हॅनोव्हरच्या पलटणीतून हिंदुस्थानात गेला तो परतलाच नाही. आता ही निव्वळ बंडल नाही बरं का. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा हॅनोव्हरचाही राज्यकर्ता होता, आणि 1780च्या दशकात हॅनोव्हरच्या दोन पलटणी कंपनी सरकारच्या मदतीला मद्रासेत आलेल्या होत्या. त्यातलाच अँथनी पोलमान नावाचा एक सार्जंट पुढे दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत चढत गेला. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या मैदानात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचं पायदळ उभं होतं, सुमारे अकरा हजार. त्याचा सेनापती कोण? हाच पोलमान. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. म्हणजे भोकरदनजवळच्या एका शेतात मराठ्यांच्या बाजूने एक जर्मन आणि इंग्रजांच्या बाजूने बरेचसे मद्रासी शिपाई लढत होते. शाळेत आपल्याला 'दुसरे इंग्रज-मराठा युद्ध' या एका ओळीत हे सगळं गुंडाळून दिलेलं असतं.

त्याच दिवशी शिंद्यांच्या बाजूला बेगम समरूच्याही पलटणी होत्या. ही सरधन्याची बेगम. तिची फौज मुळात उभी केली वॉल्टर राइनहार्ट नावाच्या आणखी एका जर्मन भाषिक भाडोत्री शिपायाने, जो 1778 साली वारला. त्याचा पणतू डाइस सोंब्रे हा बेगमेचा दत्तक वारस. तो 1841 साली इंग्लंडच्या पार्लमेंटवर निवडून गेला, आणि निवडणुकीतल्या लाचखोरीमुळे वर्षभरात त्याची खुर्ची गेलीही! हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथे इस्टेट होती. इस्टेट असली की वकील येतात, वकील आले की कागद उरतात.

साध्या शिपायांचं काय? शिंद्यांच्या फौजेतल्या या फिरंगी लोकांपैकी अनेकांनी इथल्याच बायकांबरोबर संसार केले. मुलं झाली. ती मुलं कुठे गेली? इथेच. आणि त्यांचे वंशज आज कुठे आहेत? कदाचित शेजारच्या क्युबिकलमध्ये. कदाचित आरशात.

मी सहकाऱ्याला हसत म्हटलं, "अरे, दोनशे वर्षांपूर्वीचा शिपाई कुठून शोधणार? आमच्याकडे तसले रेकॉर्ड नसतात." तो म्हणाला, "तुझी स्वतःची वंशावळ किती मागे जाते?"

इथे मला जरा चेव आला. आमच्याकडे वंशावळ आहे ना! काकांनी कॉम्प्युटरवर टाईप करून, लॅमिनेट करून सगळ्या भावकीला वाटलेली. सात पिढ्या. मी फोटो पाठवला. त्याने त्याची पाठवली. आणि मग मी बराच वेळ काही बोललो नाही.

त्याच्या फाईलमध्ये प्रत्येक माणसाच्या वर दोन रेघा. बाप आणि आई. आईचं माहेरचं आडनाव, तिचं गाव, तिचेही आईबाप. चर्चच्या वह्यांमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचंही नाव असतं, आणि 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी आहेच. आमच्या लॅमिनेटेड कागदावर काय? सदाशिवचा गोविंद, गोविंदचा सदाशिव छाप सात पुरुष. एकही बाई नाही. एकही!

आपण इंजिनियर लोक, तर हिशोब करूया. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ, सोळा... सात पिढ्यांची बेरीज 254. सात पिढ्या म्हणजे साधारण दोनशे वर्षं, बरोबर असईच्या लढाईपर्यंत. (आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, त्यामुळे काही नावं दोनदा येतील, 254 थोडे कमी होतील. ठीक आहे.) त्या अडीचशे जणांपैकी मला ठाऊक असलेली नावं सात, आणि छाती फुगवून मी त्याला 'आमचं घराणं' म्हणतो. वरच्या दिशेने बघितलं तर हा ट्री नाहीच, लिंक्ड लिस्ट आहे. वंशवृक्ष कसला, बांबू आहे तो! ज्या डेटाबेसमध्ये सत्त्याण्णव टक्के व्हॅल्यू नल आहेत तो दाखवायला आपण क्लायंटसमोर उभं राहू का? आणि इथे त्याच डेटाबेसच्या जोरावर लग्नं ठरतात, मोडतात, 'आमच्यात असलं चालत नाही' हे ठणकावून सांगितलं जातं.

'आमच्यात' म्हणजे कोणात हो? सातांत की अडीचशेत?

आता कुणी म्हणेल, उगाच जुनं उकरून काय मिळणार. मिळणार असेल तेव्हा आपण बरोबर उकरतो! 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी आख्ख्या मराठवाड्यात निजामकाळातले दप्तर उघडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, ज्यांचं भवितव्य त्या कागदावर अवलंबून आहे त्यांनी तो शोधलाच पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्माचे दाखले शोधतातच की. मुद्दा एवढाच, की कागद असतात, वाचणारेही असतात. आपल्याला फक्त फायद्याची नावं हवी असतात.

मग जर्मन लोक थोर का? तेच सांगतो. मी भारावून काहीतरी कौतुक लिहिलं, तर त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणाला, या वंशावळीचा बराच भाग त्याच्या पणजोबांनी 1930च्या दशकात जमवला. हौस म्हणून नव्हे. नाझी राजवटीत सरकारी नोकरीसाठी 'आर्य' असल्याचा पुरावा द्यावा लागे. स्वतःचा, आईबापांचा, चारही आजी-आजोबांचा मिळून सात जन्मदाखले आणि तीन विवाहदाखले. ज्यांच्या दाखल्यात 'चुकीची' आजी निघाली त्यांचं काय झालं ते जगाला माहीत आहे. त्याने लिहिलं होतं की ही फाईल उघडताना त्याला दरवेळी लाज वाटते.

त्याच बर्लिनमध्ये थोडं आधी आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर, वंशशुद्धीवाल्यांचे मोठे गुरुजी. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की कवटीतल्या कमीजास्तपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गाइडच्या तोंडावर! आपण सीनियरच्या कोडवर कॉमेंट टाकायला घाबरतो.

म्हणजे नुसती पूर्ण वंशावळ असून भागत नाही. त्यांनी आजीचं नाव शोधलं ते तिला बाहेर काढण्यासाठी. आपण तिला आतच घेतलं नाही, त्यामुळे बाहेर काढायची वेळच आली नाही. यात आपल्याला शहाणपणाचं सर्टिफिकेट घ्यायचं कारण नाही.

असो. त्या शनिवारी आईला विचारलं, आज्जीचं माहेरचं नाव काय? (वडिलांची आई, मी सहावीत असताना गेली.) आई म्हणाली, आडनाव बहुतेक अमुक. आणि पहिलं नाव? "आम्ही त्यांना माईच म्हणायचो." वडिलांना लग्नानंतरचं नाव माहीत होतं, आधीचं नाही. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. आडनाव जातं, पहिलं नाव जातं. सातबाऱ्यावर फक्त 'भ्र.' लावून नवऱ्याचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. जिने ज्वारीच्या भाकरी करून चार पोरं शिकवली, तिची प्रायमरी की आम्ही एका दुपारी तांदळात ओव्हरराईट केली. बॅकअप न घेता.

शेवटी माळ्यावर एक पितळी परात सापडली. काठावर कोरलेलं, तिच्या मामाचं नाव आणि गावाचं नाव. पुन्हा पुरुषाचंच, पण गाव तरी मिळालं. तीन फोन, दोन चुकीचे नंबर, आणि तिच्या भावाची ऐंशी वर्षांची मुलगी फोनवर आली. माईचं नाव तिने क्षणात सांगितलं. वर म्हणाली, "साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं बाबा." वडील शेजारी बसून ऐकत होते. सत्तरीच्या माणसाला आपल्या आईचं नाव असं स्पीकरवर कळावं, हे बघायला बरं वाटत नाही.

महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा केलाय. उत्तम. पण हा पुढच्या रेकॉर्डचा फिक्स झाला. मागचं बॅकफिल कुठलंही सरकार करणार नाही. तो डेटा सध्या नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि तो सर्व्हर कधीही बंद पडू शकतो.

आपलं शहर चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने वसवलं. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा माणूस. त्याच्या नहरींचं पाणी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या प्यायलं. अशा गावात राहून 'शुद्ध घराणं' म्हणणाऱ्याने आधी आपल्या चारही पणज्यांची नावं सांगावीत. नाही आली, तर निदान मुलीच्या पसंतीवर बोलू नये.

जर्मन सहकाऱ्याचा शिपाई सापडला नाही. सापडेल असं वाटतही नाही, त्याला घरात घेणाऱ्या बाईचं नावच कुणी लिहिलं नाही. त्याच्यासाठी असईला जाऊन नदीचे फोटो काढून आणले. आणि काकांच्या लॅमिनेटेड कागदावर मार्करने माईचं नाव लिहिलं. माहेरचं.

काका अजून बोलत नाहीत माझ्याशी.