छोटा बोर्ड, मोठा प्रोसेसर

मिनी-आयटीएक्स गेमिंग बोर्डाचे रिव्ह्यू वाचून वाचून आता कंटाळा आलाय, मंडळी. बोर्ड टेबलावर उघडा ठेवायचा, एसी लावायचा, भलामोठा वॉटर कूलर जोडायचा, दहा मिनिटं सिनेबेंच चालवायचं आणि शेवटी 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणून पाच तारे. माझ्या मते ही बोर्डाची परीक्षाच नव्हे.

हा आकार १७० बाय १७० मिलिमीटरचा. २००१ साली व्हिआने तो आणला तेव्हा त्यावर कमी वीज खाणारे प्रोसेसर बसवायची कल्पना होती. आज त्याच जागेत आपण रायझन ९ ७९५०एक्स बसवतो! १६ कोअर, आणि सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत ओढणार. म्हणजे व्हीआरएमला साधारण दीडशे अँपिअरच्या आसपास करंट पुरवायचा. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते (फर्स्ट इयरला घोकलेलं आय-स्क्वेअर-आर, दुसरं काय). त्यात गंमत अशी, की वॉटर कूलर लावला की प्रोसेसर गार राहतो, पण सॉकेटभोवती खेळणारा वारा बंद होतो. ग्राफ मात्र प्रोसेसरच्या तापमानाचाच छापतात.

मी टेस्ट करतो ती अशी: कॅबिनेट काचेसकट बंद, ग्राफिक कार्ड आत आणि कामाला जुंपलेलं, एसी बंद. पुण्यात मे महिन्यात खोलीत ३३-३४ अंश असतातच. मग अर्धा तास लोड. ९५ अंश दिसले म्हणून घाबरायचं नाही, हा प्रोसेसर तिथवर जाण्यासाठीच बनवलाय. बघायचं काय, तर क्लॉक किती उतरतो, व्हीआरएमचा सेन्सर कुठे थांबतो, आणि बोर्डाच्या पाठीवरची एम.२ एसएसडी मोठी फाईल कॉपी करताना मध्येच रेंगाळते का. उघड्या टेबलावर यातलं काहीच कळत नाही.

आणि बायोसमध्ये इको मोड १०५ वॅटवर टाकून बघा. सॉकेटची मर्यादा तेव्हा १४२ वॅट होते. वीज इतकी कमी होऊनही माझ्याकडे सिनेबेंचचा स्कोर थोडासाच घसरला, गेममध्ये तर फरक शोधून सापडेना. पंख्यांचा आवाज मात्र इतका उतरला की रात्री बाजूच्या खोलीतून आईची हाक ऐकू येते :)

"मग एवढा महागडा प्रोसेसर घेतलासच कशाला?" असं एका मित्राने विचारलं. अरे, कोअर १६ च राहतात ना! कोड कंपाईल करताना तेवढ्याच विजेत १६ कोअर सावकाश पळवणं हे ८ कोअर पिळून काढण्यापेक्षा जास्त काम देतं.

तेव्हा महिन्याच्या पगाराचा मोठा लचका तोडून असा बोर्ड घेणार असाल, तर २३० वॅटचा विक्रम बाजूला ठेवा. बंद डब्यात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तो १४२ वॅट तासभर देतो का, एवढं ज्या रिव्ह्यूत सापडेल तो वाचा. बाकीचे नुसते फोटो बघायला ठीक आहेत.