खापर बॅटरीवरच का?

‘जुनी इलेक्ट्रिक गाडी आतबट्ट्याचीच’ हे पत्र वाचले. गाडी अडली की मोठ्या बॅटरीवर खापर फोडले जाते; पण साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली तरी गाडी ढिम्म हलत नाही. आमच्या गाडीत पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. मेकॅनिकने तो साफ करताच चार्जिंग सुरू झाले. एक सेल कमकुवत झाला तरी बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) अख्खा पॅक थांबवू शकते, म्हणून खरेदीपूर्वी सेलनिहाय व्होल्टेज मागावे. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. अशी हमी आपल्या नावावर होईल का, हे लेखी विचारावे. मात्र शेकडो व्होल्टचा पॅक नाक्यावरच्या गॅरेजात उघडू देऊ नये.

– एक वाचक, घाटकोपर (पूर्व)