मुखपृष्ठावरची बाई

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी रद्दीवाल्याची सुगी सुरू होते. यंदा सौभाग्यवतींनी माळ्यावरून फॅशनच्या मासिकांचा गठ्ठा खाली काढला. रद्दीवाला तराजू सरसावतो न सरसावतो तोच समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी लगबगीने आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, थांबा! त्यातला एक अंक मला हवाय. आमच्या पोरीचा फोटो आहे त्यात."

वहिनींची मुलगी उंच, शेलाटी, नाकीडोळी नीटस. मॉडेलचे काम करते. चार वर्षांपूर्वी एका मासिकाने तिला मुखपृष्ठासाठी बोलावले होते. पहाटेपासून दुपारपर्यंत वेणीफणी, रंगरंगोटी आणि फोटो चालले. वहिनींनी साऱ्या गोतावळ्याला फोन केले. अंक आला तो मुखपृष्ठावर एक सिनेनटी घेऊन! तिचा चित्रपट त्याच महिन्यात लागणार होता. पोरगी आत, एका साबणाच्या जाहिरातीच्या पाठीला पाठ लावून उभी.

व्यवहार म्हणून पाहिले तर सगळे चोख आहे. अंकांच्या गर्दीत ओळखीच्या चेहऱ्याकडे हात आधी जातो. नटीच्या चित्रपटाचा गाजावाजा होतो, कपडेवाल्याचा कपडा मिरवतो, मासिकाला गिऱ्हाईक मिळते. मॉडेलपाशी नुसते रूप, आणि रूपाला नाव नसते.

पूर्वी तसे नाव लागतही नसे. जुलै १९३२ मध्ये अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिले रंगीत छायाचित्र झळकले, ते एडवर्ड स्टायकेन यांनी टिपलेले. लाल पोहण्याच्या पोशाखातली, चेंडू उंच धरलेली एक तरुणी. ती कोण, याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नव्हते. आमच्याकडे दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांवर रंगवलेल्या बायकांना तरी कुणी नाव विचारले? आमचे वडील ती चित्रे कापून चौकटीत लावीत. आई नाक मुरडी, पण चौकट पुसायची तीच!

जानेवारी १९९० च्या ब्रिटिश 'व्होग'वर पाच मॉडेल एकत्र झळकल्या, तेव्हा मॉडेललाही नाव मिळाले असे वाटले. ते दिवस फार टिकले नाहीत. त्याआधीच, मे १९८९ मध्ये, ॲना विंटूर यांनी अमेरिकन अंकावर मडोना या गायिकेला बसवले होते. पुढे नट्यांची रांगच लागली. ऑक्टोबर २००७ मध्ये 'व्होग'चा पहिला भारतीय अंक निघाला, त्यावर जेमा वॉर्ड या ऑस्ट्रेलियन मॉडेलच्या जोडीला बिपाशा बासू आणि प्रियांका चोप्रा होत्या. गंमत अशी, की या दोघीही मुळात सौंदर्याच्या नि मॉडेलिंगच्या वाटेनेच सिनेमात गेलेल्या.

आम्हांला नट्यांचा राग नाही. साबणाच्या जाहिरातीत आमच्या लीला चिटणीस १९४१ सालीच झळकल्या होत्या. पण मासिक कपड्यांचे म्हणवायचे आणि पाहणाऱ्याला साडीचा काठही आठवू नये, हे काही खरे नव्हे. वहिनींची मुलगी आता अभिनयाच्या वर्गाला जाते. आवड म्हणून नव्हे. मुखपृष्ठाची वाट तिकडूनच जाते, असे तिला कुणीतरी सांगितले आहे. फी महिन्याच्या महिन्याला वहिनी भरतात.

अंक अखेर सापडला. वहिनींनी आतले पान डोळे भरून पाहिले. मग मुखपृष्ठ तेवढे टरकावून रद्दीवाल्याच्या तराजूत टाकले आणि उरलेला अंक पदराखाली घेऊन घरी गेल्या.