लोणासुराची बाजू कोण मांडणार?

आपल्या धावड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे, आणि लोककथेप्रमाणे त्या गावाला नाव मिळाले ते एका राक्षसाचे. लोणासुर दुष्ट होता हे आपण लहानपणीच ऐकून ठेवलेले असते. पण त्याने नेमके केले काय, असे विचारले की सांगणारा अडखळतो. ‘देवांना नि माणसांना छळले’ एवढे मोघम उत्तर येते. कोणाला, कधी, कशासाठी, याचा पत्ता नाही.

वधाची हकिगत मात्र चांगली तपशीलवार आहे. राक्षस जमिनीखालच्या विवरात लपून राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, राक्षसाच्या बहिणींना मोहात पाडले, त्यांच्याकडून विवराचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि लोणासुराचा निकाल लावला. सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, पाण्यातला खार म्हणजे त्याचे मांस! आता या कथेत कपट कोणी केले, हे वाचकांनीच ठरवावे.

राक्षसाविरुद्ध ठोस पुरावा एकच होता, तो म्हणजे ते विवर. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा अशनीच्या आघाताने पडला, हे 1973 साली शास्त्रज्ञांनी खडकांच्या अभ्यासावरून दाखवून दिले. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. रक्ताची गोष्ट पुन्हा सांगायला याहून चांगला मुहूर्त कोणता! पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. म्हणजे विवर गेले, रक्तही गेले. माझ्यापुरता लोणासुर निर्दोष सुटला आहे.

कोणी म्हणेल, दंतकथेला ही कोर्टाची भाषा कशाला? मित्रहो, तिची गरज आहे. असुरकुळात जन्मला म्हणून दुष्ट, हा न्याय आपण पुराणातच ठेवून आलेलो नाही. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय अजून पारध्यांच्या पालावर जातो. त्या पालातल्या पोराच्या शेजारी वर्गात कोणी बसत नाही, तेव्हा त्याने नेमके केले काय, हेही कोणी विचारलेले नसते.