संग्रहालये कोणासाठी?

घरबसल्या इंटरनेटवर सारे दिसते. मग वस्तुसंग्रहालयांवर सरकारने पैसा का खर्चावा, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. पण जे कोणी जपलेच नाही, ते इंटरनेटवर येणार कोठून?

यवतमाळचेच पाहा. यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतला' रेल्वे ब्रिटिश कंपनीने घातली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी. ती ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनले आणि १९९४ पर्यंत धावले. कच्चा माल तिकडे, यंत्रे इकडे, हा वसाहती अर्थव्यवस्थेचा धडा अशा इंजिनाशेजारी उभे राहून जितका उमजतो, तितका पडद्यावरील चित्रावरून उमजत नाही.

पोडावरच्या कोलाम मुलाला १८६३ पासूनचा नागपूरचा अजब बंगला दूर पडतो. त्याला इंटरनेटची मदत व्हावी, हे मान्यच. परंतु इंटरनेटवरील बहुतेक भांडारे खाजगी कंपन्यांच्या हाती आहेत. त्यांनी ती उद्या बंद केली तर दाद कोणाकडे मागायची? सार्वजनिक संग्रहालयाचा जाब निदान विधानसभेत विचारता येतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने दिवे, अडकित्ते, भांडी जपली, म्हणून घरगुती जीवनाचा इतिहास उरला. कापूस पिकविणाऱ्यांचा इतिहासही असाच जपला पाहिजे. सरकी काढण्याचे रेचे, तिफणी, १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेच्या पावत्या भंगारात व रद्दीत जाण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी गावोगाव त्यांची नोंद करावी, आणि जिल्ह्यात कापसाच्या सार्वजनिक संग्रहालयाची मागणी लावून धरावी. राजांच्या तलवारी जपणारे पुष्कळ आहेत. कष्टकऱ्यांची अवजारे कष्टकऱ्यांनाच जपावी लागतील.