खुर्ची असेपर्यंत



रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जिलेबी असते आणि तिच्यासोबत वादावादी. बाबांना भेलमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचं आणि उठल्याबरोबर बातम्या लावायच्या, ही सवय काही सुटलेली नाही. परवा टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांवरून चर्चा चालली होती. पदावर असलेल्या अध्यक्षावर गुन्ह्याचा खटला भरता येतो का, यावर चार वकील एकाच वेळी बोलत होते. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने विचारलं, "मामा, आपल्या राष्ट्रपतींवर केस होऊ शकते का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "राष्ट्रपतींचं राहू दे. आपल्या राज्यपालांवर इथेच, भोपाळात एफआयआर झाली होती. हिला ते सांग."

भाची तेव्हा अगदी लहान होती, तिला माहीत असण्याचं कारण नाही. पण माझ्या पिढीचा भोपाळकर व्यापम विसरू शकत नाही. व्यापम म्हणजे मध्य प्रदेशचं तेव्हाचं व्यावसायिक परीक्षा मंडळ. आमच्या वेळी इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच मंडळाच्या पीईटीवर मिळायचा. गोविंदपुऱ्यातल्या भेलच्या क्वार्टर्समध्ये मे-जूनमध्ये एकच विषय असे : कोणाचा किती रँक आला. चांगला रँक आला की आई शेजाऱ्यांकडे पेढे पाठवायची आणि वाईट आला की आठवडाभर कोणी आमच्याकडे फिरकत नसे. त्या रँकवर आमचा पूर्ण विश्वास होता. जुलै २०१३ मध्ये इंदूरला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांच्या नावावर बसलेली मुलं पकडली गेली आणि मग एकेका परीक्षेचं बिंग फुटत गेलं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आपल्या वर्गातला जो मुलगा दोन मार्कांनी हुकला, तो खरंच हुकला होता का? आजही त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच तपासात फेब्रुवारी २०१५ मध्ये तेव्हाचे राज्यपाल राम नरेश यादव यांच्यावर एफआयआर नोंदवली गेली. आरोप असा, की वनरक्षक भरतीत त्यांनी काही उमेदवारांची शिफारस केली. पदावरच्या राज्यपालांचं नाव आरोपी म्हणून कागदावर! आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्या दिवशी कोणी क्रिकेटवर बोललं नाही. दोन तट पडले. एक म्हणे, "आता अटक होणार." दुसरा म्हणे, "राज्यपालांना कोण हात लावणार?"

उत्तर आपल्या संविधानातच आहे. अनुच्छेद ३६१ सांगतो, की राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, आधीची असेल तर पुढे चालवता येत नाही, आणि अटकेचा किंवा कैदेचा आदेशही निघू शकत नाही. दिवाणी दावा करायचा असेल तर दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. राष्ट्रपतींसाठी एक वेगळा रस्ता आहे, तो महाभियोगाचा, अनुच्छेद ६१ खाली. पण तोही फक्त संविधानाचा भंग केल्याबद्दल. त्यासाठी सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची चौदा दिवसांची नोटीस लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमत. आजवर एकाही राष्ट्रपतींवर ही वेळ आलेली नाही. राज्यपालांना महाभियोग नाही. ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची.

"आणि मुख्यमंत्री?" भाचीचा पुढचा प्रश्न तयार होता. मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांना हे कवच नाही. महाराष्ट्रात सिमेंट प्रकरणी बॅरिस्टर अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं आणि त्यांच्यावर खटला भरायची मंजुरी राज्यपालांकडे मागितली गेली. म्हणजे बघा, मुख्यमंत्र्यांवर खटला चालावा की नाही याला मंजुरी देणारे राज्यपाल, आणि राज्यपालांवर मात्र खटलाच नाही.

असं का? कारण साधं आहे. देशाच्या किंवा राज्याच्या प्रमुखाला कोणीही उठून कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात खेचू लागला, तर तो काम कधी करणार? शिवाय राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सरकारने त्यांनाच पिंजऱ्यात उभं करायचं, हे विचित्र होतं. कवच माणसाला नाही, खुर्चीला आहे, आणि खुर्ची असेपर्यंतच. कागदावर हे मला पूर्ण पटतं.

मे २०१५ मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाच्या आधारे राम नरेश यादव यांच्यापुरती ती एफआयआर रद्द केली. इतरांविरुद्धचा तपास चालू राहिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं व्यापम प्रकरण सीबीआयकडे दिलं. राज्यपालांना हटवावं अशी मागणी झाली, याचिकाही झाली, पण ते मुदत संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०१६ पर्यंत पदावर राहिले. खुर्ची गेली, कवचही गेलं. आता काय होतं ते पाहू, असं आम्ही म्हणत असतानाच २२ नोव्हेंबर २०१६ रोजी लखनौत त्यांचं निधन झालं. मृत माणसावर खटला चालत नाही. त्याआधी मार्च २०१५ मध्ये त्यांचा मुलगाही वारला होता. त्याचंही नाव व्यापम प्रकरणात आलं होतं.

या गोष्टीचा शेवट मला अजून टोचतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. ज्या मुलांची जागा गेली असेल, त्यांना उत्तर मिळालं नाही. आणि राम नरेश यादव निर्दोष असतील, तर त्यांनाही ते सिद्ध करायची संधी मिळाली नाही. एकेकाळी उत्तर प्रदेशचं मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या माणसाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह कायमचं राहिलं. कवचाने त्यांना वाचवलं म्हणावं, की अडकवलं?

याच्या उलट उदाहरण कल्याण सिंह यांचं. बाबरी मशीद प्रकरणी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुढे चालवायला सांगितलं, तेव्हा ते राजस्थानचे राज्यपाल होते. न्यायालयाने म्हटलं, ते पदावर आहेत तोवर त्यांना संरक्षण आहे, पण पद सुटताच त्यांच्यावर आरोप निश्चित करावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि त्याच महिन्यात ते लखनौच्या विशेष न्यायालयात उभे होते. वर्षभराने, ३० सप्टेंबर २०२० रोजी, बाकी आरोपींबरोबर त्यांचीही निर्दोष मुक्तता झाली. निकाल कोणाला पटला, कोणाला नाही. पण निकाल लागला.

कायदा तोच, कवच तेच. फरक इतकाच, की एका ठिकाणी "नंतर" कधी ते आधीच लिहून ठेवलं होतं.

माझ्या धंद्यातही हे रोज दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये एखादी गंभीर चूक सापडते, पण रिलीझ तोंडावर आलेलं असतं. मग तिकिटावर शेरा पडतो : "पुढे ढकलले." कधीकधी तो निर्णय अगदी योग्य असतो. पण पुढे म्हणजे केव्हा, ते कोणी बघायचं आणि तोवर लॉग कोणी जपायचे, हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी ते तिकीट उघडणारा नवा मुलगा हताश होतो. लॉग पुसले गेलेले असतात, ज्याला माहिती होती तो बंगळुरूला निघून गेलेला असतो. चूक मात्र तिथेच असते.

फ्रान्सने हे संविधानातच लिहून ठेवलंय. तिथेही पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालत नाही, पण तेवढ्या काळापुरतं मुदतीचं घड्याळ थांबतं आणि पद सुटल्यावर एका महिन्याने कारवाई सुरू होऊ शकते. जाक शिराक २००७ मध्ये पायउतार झाले आणि पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या प्रकरणात २०११ मध्ये दोषी ठरले. दक्षिण कोरियाने अपवादच ठेवलाय : बंड किंवा देशद्रोह असेल तर पदावर असतानाही सूट नाही. म्हणून तर जानेवारी २०२५ मध्ये पदावरच्या यून सुक यओल यांना अटक झाली. अमेरिकेच्या संविधानात मात्र याबद्दल स्पष्ट शब्द नाहीत. तिथे न्याय खात्याच्या १९७३ च्या मतावर गाडी चालते, आणि ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्यावरचे केंद्रीय खटले २०२४ च्या नोव्हेंबरात मागे घेतले गेले. टीव्हीवरचे चार वकील भांडत होते ते याचसाठी.

आपल्याकडे गंभीर गुन्ह्यांना मुदतीचं बंधन नाही, त्यामुळे घड्याळ थांबवायची गरज तशी नाही. पण साक्षीदारांचं वय थांबत नाही, आठवणी थांबत नाहीत, हार्ड डिस्कही टिकत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कवच राहू द्या. पण ज्या दिवशी ते वापरलं जातं, त्याच दिवशी कागद सील व्हावेत, बाकी सगळ्यांचे जबाब नोंदवले जावेत आणि पद सुटल्यावर पहिलं पाऊल कोणी उचलायचं हे लेखी असावं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाची व्याप्ती तपासायचं मान्य केलं, पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका महिला कर्मचाऱ्याच्या याचिकेवरून. तिचे आरोप तिथल्या तेव्हाच्या राज्यपालांनी नाकारले होते. खरं-खोटं काहीही असो, तिला "नंतर ये" असं सांगायचं असेल, तर नंतर म्हणजे केव्हा हे तिला कळायला हवं.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे होऊ शकते, पण आत्ता नाही."

बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "बरोबर. आणि 'आत्ता नाही' म्हणणाऱ्याकडून तारीख लिहून घ्यायची. भेलमध्ये चाळीस वर्षांत मी एवढंच शिकलो."

तोवर जिलेबी गार झाली होती. तरी संपली.